हैबती नावाची कडी

ज्या गावाला नदी नव्हती पण सात विहिरी होत्या, अशा एका गावात एक लोहार राहत होता. त्याचं नाव हैबती. विळे, कोयते, नांगराचे फाळ हे सगळं तो करायचाच, पण त्याचा खरा जीव होता पाळण्याच्या कडीत.

आता पाळण्याची कडी ही काही मोठी वस्तू नव्हे. घराच्या आढ्याला ती टांगायची, तिच्यात पाळण्याच्या दोऱ्या अडकवायच्या आणि झोका द्यायचा. पूर्वी लोक नुसता एक आकडा ठोकत. पाळणा हलला की दोरीला पीळ बसे, पीळ बसला की दोरी झिजे. हैबतीची मुलगी मंजुळा तान्ही असताना अशीच एक दोरी तुटली. मुलगी वाचली, पण तिचा डावा पाय कायमचा अधू झाला.

हैबतीने महिनाभर ती तुटकी दोरी पुन्हा पुन्हा उलगडून पाहिली. मग त्याने भट्टी पेटवली आणि एक नवीच कडी केली. तिला मान होती. वरचा भाग आढ्याला पक्का राही, खालचा भाग पाळण्याबरोबर फिरे, आणि दोरीला पीळ म्हणून बसत नसे. कडी तयार झाली की हैबती ती लगेच विकत नसे. दारातल्या कडुनिंबाला टांगून तिला एका फुटक्या जात्याची तळी बांधायचा. आठ प्रहर ते वजन पेललं, तरच कडीवर निंबाच्या पानाचा ठसा उमटवायचा. नाही पेललं तर ती कडी पुन्हा भट्टीत जायची.

एक गोष्ट मात्र तो लपवून करायचा. कडीची मान घडवायची वेळ आली की तो कुडाच्या आडोशाला जाई. मानेच्या आत लोखंडाची एक गाठ असे, तिच्यावर सगळा भार. ती गाठ कशी करायची हे हैबतीला ठाऊक होतं आणि मंजुळाला ठाऊक होतं, कारण ती मोठी होऊन त्याचा भाता ओढत असे. तिसऱ्या कुणाला ते कळू नये म्हणून तो कूड उभा होता. कसब असं जपूनच ठेवायचं असतं, असं त्याच्या बापाने त्याला सांगितलं होतं आणि बापाला त्याच्या बापाने.

कड्या गावोगाव गेल्या. आधी लोक म्हणत, हैबतीनं केलेली कडी. मग म्हणू लागले, हैबती कडी. लोकांना तोंड चालवायचा कधीच कंटाळा नसतो, पण एका शब्दात भागत असेल तर दुसरा ते खर्च करत नाहीत. लवकरच ‘कडी’ गळून पडली आणि नुसती ‘हैबती’ उरली. लेक बाळंतपणाला माहेरी आली की आई घरधन्याला म्हणे, “पाळणा आणलात, हैबती कुठं हाय?” दोन घरांत दोन बाळं आली की दोन हैबत्या लागत. माणसाचं नाव असं दोनदोन, चारचार करून मोजायला लागले, की ते त्या एका माणसाचं राहिलेलं नसतं. पण हे हैबतीच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. त्याला उलट मोठा आनंद झाला. छाती पुढे काढून तो गावातून चालू लागला, आणि गावानेही त्याला चालू दिलं.

एकदा तो कोळसा आणायला दूरच्या बाजाराला गेला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “हैबती, ओ हैबती.”

“आलो,” असं म्हणून हैबती वळला. बघतो तर हाक त्याला नव्हतीच. एक माणूस गोणपाटावर कड्या मांडून बसला होता आणि गिऱ्हाइकं बोलावत होता. हैबतीने एक कडी उचलून उलटीसुलटी केली. दिसायला हुबेहूब, पण पानाचा ठसा कुठेच नव्हता.

“ही कुणी केली?” त्याने विचारलं.

“म्या केली. मी केरबा लोहार.”

“मग हिला हैबती का म्हणतोस?”

केरबाने त्याच्याकडे असं पाहिलं, की पाण्याला पाणी का म्हणतोस असंच जणू या माणसाने विचारलं होतं. “हैबतीला हैबती न्हाई तर काय म्हणू?” तो म्हणाला.

हैबतीचं डोकं फिरलं. कोळसा न घेताच तो घरी आला आणि दुसऱ्या दिवशी थेट राजाकडे गेला. राजाच्या लहान मुलाचा पाळणाही हैबतीच्याच कडीला टांगलेला होता, त्यामुळे राजाने त्याला लगेच आत बोलावलं. हैबती म्हणाला, “महाराज, माझं नाव चोरीला गेलंय. ते मला परत मिळवून द्या.”

राजा भला होता. आपल्या हुकुमाने काहीही होऊ शकतं असं त्याला वाटे, आणि तोपर्यंतचा अनुभवही तसाच होता. त्याने गावोगाव दवंडी पिटायला लावली. हैबती लोहाराने केलेल्या कडीखेरीज दुसऱ्या कोणत्याही कडीला कुणी हैबती म्हणू नये, म्हटल्यास शिक्षा होईल.

दवंडीवाला केरबाच्या गावात आला. दवंडी ऐकून एका बाईने विचारलं, “मग केरबाच्या हैबतीला काय म्हणायचं?”

दवंडीवाला म्हणाला, “केरबाच्या हैबतीला हैबती म्हणायचं न्हाई.”

चावडीवर हशा पिकला. दवंडीवाल्याने जीभ चावली आणि हुकमाचा कागद पुन्हा वाचला. “पाळण्याची फिरत्या मानेची कडी, असं म्हणायचं,” तो म्हणाला.

“एवढं म्हणंस्तवर लेकरू निजंल,” ती बाई म्हणाली आणि घागर उचलून चालती झाली.

पुढच्या बाजाराला केरबा तोंडातून चकार शब्द काढीना. तो नुसतं एक बोट वर करून गोल फिरवी, आणि गिऱ्हाईक हसून कडी उचली. खूण नवी होती म्हणून लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. केरबाच्या कड्या पूर्वीपेक्षा जास्त खपल्या. हैबतीच्या कानावर हे आलं तेव्हा त्याचा जळफळाट झाला. पण आपण बरोबर आहोत याबद्दल त्याला काडीचीही शंका नव्हती. आपलं नाव आपण परत आणणार, या हट्टाने तो आणखी चार गावांची नावं राजाला कळवण्याच्या बेतात होता.

आता बारशाची एक रीत सांगायला हवी. त्या मुलखात बाराव्या दिवशी बाळाला पाळण्यात घालताना आधी बाळ घालत नसत. आधी पाट्यावरचा वरवंटा धुऊन, कुंकू लावून, टोपरं घालून पाळण्यात निजवत आणि त्याला झोके देत. तो जड दगड पाळण्याने झेलला की मग तो काढून बाळ ठेवत आणि आत्या बाळाच्या कानात नाव सांगे. ही रीत का पडली हे कुणी सांगत नसे, कारण कुणी विचारत नसे. पण हैबतीची कडी घरोघर पोहोचली तशी ती रीत पातळ झाली. बायका वरवंटा पाळण्याला नुसता टेकवत आणि बाजूला ठेवत. हैबती टांगलेली असताना दगड उचलून कंबर कशाला मोडून घ्यायची, असं त्यांना वाटू लागलं. एका माणसाच्या नावावर त्यांचा इतका विश्वास बसला होता.

एका खेड्यात असंच एक बारसं होतं. बाळाच्या आत्याचं नाव ठकू. तिच्याशी वाद घालायला तिचे भाऊसुद्धा कचरत. बायकांनी वरवंटा पाळण्याला टेकवला आणि बाळाला उचललं. ठकूआत्या म्हणाली, “थांबा. वरवंटा आत ठेवा.”

“आत्याबाई, हैबती हाय ती,” बाळाची आजी म्हणाली.

“असू दे. दगड आधी, लेकरू मागनं.”

तिने स्वतः वरवंटा पाळण्यात ठेवला आणि झोका दिला. एक, दोन, तीन, चार. पाचव्या झोक्याला वर काहीतरी कडकन वाजलं. कडीची मान उपसून आली, पाळणा खाली आदळला आणि वरवंट्याने शेणाने सारवलेल्या जमिनीत वीतभर खड्डा पाडला. पाळणागीत अर्ध्यावर थांबलं. बाळाच्या आईने खड्डा पाहिला आणि बायकांच्या हातून बाळ ओढून घेतलं.

“हैबती तुटली” ही बातमी दोन दिवसांत सगळ्या मुलखात पसरली. तुटली होती केरबाची कडी. पण केरबाचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं, कारण वस्तूचं नाव ते नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी ठकूआत्या चालत हैबतीच्या भट्टीवर आली. पदरात बांधून आणलेली तुटकी कडी तिने ऐरणीवर ठेवली.

“लोहारदादा, ही तुमची का?”

हैबतीने एका नजरेत ओळखलं. “माझी न्हाई,” तो म्हणाला. “माझ्या कडीवर निंबाचं पान असतं. हिच्यावर पान न्हाई. राजाची दवंडी ऐकली न्हाईत का?”

“ऐकली. पण कडी असती आढ्याला आणि आमी असतो खाली. तुमचं पान आमाला दिसत न्हाई. आमाला नुसतं नाव ऐकू येतं.” तिने कडी त्याच्याकडे सरकवली. “नाव कुणाचं हाय?”

“माझं.”

“मग माझं भाचरू कुणाच्या भरवशावर निजणार हुतं?”

ठकूआत्याने पाणी मागितलं, ते पिऊन ती आली तशी निघून गेली. कडी ऐरणीवर तशीच पडून राहिली.

हैबती दुपारभर तिच्यासमोर बसला. मान उघडून पाहिली तर चूक स्पष्ट दिसत होती. हैबती आतली गाठ त्याच लोखंडाचं टोक तापवून, ठोकून, फुगवून करायचा. केरबाने टोकावर वेगळी टोपी बसवली होती. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. केरबा लबाड नव्हता. आत काय आहे ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं, कारण पाहू देणारं कुणी नव्हतं. तरीही हैबती पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिला, “माझी न्हाई ही, केरबाची हाय. माझा काय दोष?”

भात्यापाशी बसलेली मंजुळा म्हणाली, “आबा, माझा पाय मोडला, तवा ती दोरी कुणी वळली हुती?”

“म्हाईत न्हाई.”

“तुमी शोधलं न्हाई?”

“न्हाई. पुन्हा तसं हुऊ नये म्हणून काय करायचं, तेवढंच बघितलं.”

“मग आता केरबाचं नाव घेत का बसलाय?”

हैबतीला हे लागलं, आणि चांगलंच लागलं. तो उठला. कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली आणि आजोबांच्या काळापासून उभा असलेला तो कूड त्याने चार घावांत आडवा केला. उन्हाचा पट्टा थेट भट्टीपर्यंत आला. मग त्याने निंबाच्या पानाचा ठसा उचलला, क्षणभर हातात धरला आणि भट्टीत टाकला. ठसा वितळून जायला लोखंड काही मेण नव्हे, पण लाल झाल्यावर त्याने ठोकून ठोकून त्याची कडीच केली.

“आता?” मंजुळाने विचारलं.

“आता चालायचं,” हैबती म्हणाला.

पहिल्यांदा तो केरबाच्या गावी गेला. हैबती शिपाई घेऊन आला असं समजून केरबा भात्याच्या मागे जाऊन बसला. शिपाई नव्हते. हैबतीच्या खांद्यावर हातोडा होता आणि बरोबर लंगडत येणारी मंजुळा होती.

“भट्टी पेटव,” हैबती म्हणाला.

केरबाने भीत भीत भट्टी पेटवली. हैबतीने त्याला गाठ करून दाखवली. एकदा दाखवली, दोनदा दाखवली, मग त्याच्या हातात हातोडा देऊन करून घेतली. सातव्या वेळी केरबाला ती साधली. घाम पुसत केरबा म्हणाला, “दादा, म्या तुमचं नाव पळवलं. मला का शिकवताय?”

“नाव तू न्यायच्या आधीच गेलं हुतं,” हैबती म्हणाला. “ते पुढं गेलं आणि त्याच्या मागनं कसब गेलं न्हाई. ते म्या कुडामागं कोंडलं. चूक माझी हाय, आणि ती मला निस्तरायची हाय. तू येतोस का?”

केरबा आला. त्या दिवसापासून ते तिघं गावोगाव फिरू लागले. गावात शिरलं की आधी तिथल्या लोहाराची भट्टी गाठायची आणि त्याला गाठ शिकवायची. मग घरोघर जायचं. जिथे पाळणा दिसेल तिथे बाळाला खाली काढायला सांगायचं, पाळण्यात त्या घरचा पाटा आणि वरवंटा दोन्ही ठेवायचे आणि आठ प्रहर वाट बघायची. कडी टिकली तर पुढचं घर. तुटली तर नवी कडी करून द्यायची, आणि तीही पुन्हा आठ प्रहर. आता तुम्ही म्हणाल, हे किती दिवस चालणार? केरबानेही तेच विचारलं. हैबती म्हणाला, “सगळ्या कड्या हुईस्तवर.”

काही ठिकाणी लोकांनी कुत्री अंगावर सोडली. काही ठिकाणी जेवायला घातलं. पावसाचे चार महिने त्यांनी देवळांत काढले, पण काम थांबवलं नाही. हैबतीच्या टाचांना भेगा पडल्या. मंजुळाचा अधू पाय संध्याकाळी सुजून येई, तेव्हा ती तो गरम राखेत शेकत बसे. परत फिरू असं ती एकदाही म्हणाली नाही.

एका घरात एक तरुण बाई दारात आडवी उभी राहिली. तिचं बाळ दीड महिन्याचं होतं आणि पाळण्यात निजलेलं होतं. ती म्हणाली, “आमच्या पाळण्याला हात लावायचा न्हाई. हैबती हाय ती. हैबतीला काय तपासायचं? आणि तुमी कोण?”

“लोहार,” हैबती म्हणाला.

“तुमच्यापरीस हैबतीवर माझा जास्त इस्वास हाय.”

केरबा खाली मान घालून हसू दाबायला लागला. हैबती हसला नाही. तो उंबऱ्याबाहेर बसला आणि म्हणाला, “तू हो म्हणंस्तवर मी हितंच बसतो, पोरी.” सकाळची दुपार झाली. दुपार कलली. अखेर तिची सासू कावली आणि तिने बाळ उचलून गोधडीवर ठेवलं. पाटा-वरवंटा पाळण्यात ठेवला. हैबतीने झोका दिला. तिसऱ्या झोक्याला कडी तुटली.

बाळ गोधडीवर शांत निजलेलं होतं. त्या बाईने आधी पाळण्याकडे पाहिलं, मग बाळाकडे, आणि मग ती बाळाला कुशीत घेऊन रडू लागली. हैबतीलाही रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. आपण नावासाठी राजाकडे गेलो होतो, तेव्हा गावोगाव बाळं अशाच कड्यांखाली निजत होती, हे त्याला त्या घटकेला समजलं.

अडीच वर्षांत बेचाळीस गावं झाली. एकशे सोळा कड्या तुटल्या, आणि प्रत्येक तुटली ती दगडाखाली तुटली, बाळाखाली एकही नाही. मग हैबती राजाकडे गेला.

“महाराज, ती दवंडी मागं घ्या,” तो म्हणाला.

राजा चकित झाला. “अरे, पण मग तुझं नाव कोणीही घेईल.”

“घिऊ द्या, महाराज. नाव अडवून म्या काय मिळवलं? माझं नाव घेऊन कुणी वाईट कडी टांगू नये, एवढंच मला हवं हाय. त्याला नवी दवंडी पिटा. आठ पहर दगड झेलल्याबिगर कुठल्याच कडीखाली लेकरू निजवायचं न्हाई. कडी कुणाची का असंना. माझी असली तरी.”

राजाने विचार केला. हुकुमाने शब्द अडवता येत नाहीत, हे तोही एव्हाना शिकला होता. त्याने दवंडी बदलली. ही दवंडी ऐकून मात्र कुणी हसलं नाही, आणि पहिला दगड राजवाड्यातल्या पाळण्यात ठेवला गेला.

वर्षं गेली. हैबती म्हातारा झाला. त्याचे हात कापू लागले, हातोडा नीट बसेना. त्याची धाकटी मुलगी फार लांब दिली होती, चार दिवसांच्या वाटेवर. त्या मुलखात हैबती कधी गेलाच नव्हता. तिला मुलगा झाला म्हणून निरोप आला. म्हातारा मंजुळाला घेऊन बारशाला निघाला. पाळण्याची कडी आजोबाने आणायची असा त्यांच्यात मान होता. स्वतः करायचं बळ नव्हतं, म्हणून तिकडच्याच बाजारात घेऊ असं त्याने ठरवलं.

बाजाराच्या टोकाला एक लोहारीण काम करत होती. तिच्या पालासमोर बाभळीला एक कडी टांगलेली होती आणि तिला जात्याची तळी बांधली होती. ते पाहून हैबती जागीच उभा राहिला.

“बाई, ती हैबती दे,” तो म्हणाला. या शब्दाने वस्तू मागायची त्याची ती पहिलीच वेळ.

“उद्या या, बाबा,” लोहारीण म्हणाली. “ती अजून हैबती झाली न्हाई.”

“मग काय हाय ती?”

“नुसती कडी हाय. सकाळीच टांगलीया. उद्या सकाळपतुर दगड झेलला तर हैबती. न्हाई झेलला तर मोडून फाळाला लावीन.”

“परवा नातवाचं बारसं हाय. लांबनं आलोय. आजच दे की.”

“राजा आला तरी द्यायची न्हाई,” ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

मंजुळाला राहवेना. हे कोण आहेत ठाऊक आहे का, असं विचारायला तिने तोंड उघडलं. हैबतीने तिचा हात दाबला.

“बाई,” त्याने विचारलं, “हैबती म्हंजी काय गं?”

लोहारणीला प्रश्न विचित्र वाटला. एवढा म्हातारा माणूस, आणि एवढं साधं ठाऊक नाही. पण ती थांबली आणि तिने विचार करून सांगितलं, “जिच्याखाली दुसऱ्याचं लेकरू निजलं तरी करणाऱ्याला घरी सुखानं झोप लागती, तिला हैबती म्हणायचं. बाकीच्या समद्या कड्या.”

“आणि हे नाव कुठनं आलं?”

“नाव कुठनं येतं? पहिल्यापासनं हाय.”

हैबतीने डोक्याचं मुंडासं सोडलं, ते बाभळीखाली पसरलं आणि कडीकडे तोंड करून बसला. “मग मी थांबतो,” तो म्हणाला. मंजुळा अधू पाय लांब करून त्याच्याशेजारी बसली. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर लोहारणीने दगड सोडला, कडीची मान फिरवून पाहिली आणि ती म्हाताऱ्याच्या कापत्या हातात ठेवली.

“घ्या, बाबा,” ती म्हणाली. “झाली हैबती.”

तात्पर्य: आपलं नाव एकदा लोकांच्या तोंडी गेलं की ते परत मागता येत नाही, म्हणून नावावर पहारा करण्यापेक्षा त्यामागचं चोख काम सर्वांच्या हाती द्यावं; मग नाव कुणाचं होतं हे जग विसरलं, तरी त्याचा अर्थ कधी खोटा पडत नाही.